कोठीतील जीवदया

धान्याला कीड लागल्यावर ते उन्हात टाकणे ही जीवहिंसाच होय. म्हणून श्राविकेची दक्षता साठवणीपूर्वीच असावी. नवा गहू निवडून वैशाखाच्या उन्हात वाळवावा. दाणा दाताखाली कट्कन फुटला, तरच तो वाळला असे समजावे. गरम धान्य भरल्यास डब्यात बाष्प धरते. ते सावलीत पूर्ण निववावे. तूरडाळीला एरंडेल चोळावे. डबे कोरडे, घट्ट झाकणाचे व काठोकाठ भरलेले असावेत. एका मोठ्या कोठीपेक्षा लहान डबे बरे. रोजच्या उघडझापीने सारा साठा दमटत नाही. पीठ मात्र साठवू नये. दिगंबर परंपरेत त्याची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस मानली आहे. चातुर्मासात दळण थोडे व वरचेवर करावे.