लाल तार, काळी तार

गेल्या सुट्टीत माळा आवरताना एक जुना टीव्ही गेम सापडला. आमच्या धाकटीच्या मामूचा, त्यांच्या लहानपणीचा. एक डबा, दोन रिमोट, चार कॅसेटी. नव्वदच्या दशकात घरोघरी दिसणारे हे गेम म्हणजे बहुतेक वेळा जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची नक्कल. डब्याचा दिवा लागला, पण टीव्हीवर चित्र काही उमटलं नाही.

“अब्बा, हे रिमोट कॉम्प्युटरला लावता येतील का?” आठवीतल्या लेकीने विचारलं.

आम्ही नेहमीचं उत्तर दिलं, “आधी अभ्यास.” पण तिने दोन दिवसांत वहीत आकृती काढून आणली, तेव्हा आम्हालाही तिच्याशेजारी बसावं लागलं.

रिमोटमधून पाच तारा येतात. दोन विजेच्या: ५ व्होल्ट आणि ग्राउंड. तीन कामाच्या: लॅच, क्लॉक आणि डेटा. बटणं आठ, पण डेटाची तार एकच. लॅचवर इशारा आला की रिमोटमधली चिप त्या क्षणी कोणती बटणं दाबलेली आहेत याची नोंद घेते. मग क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेका बटणाची खबर बाहेर येते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आठ माणसांनी रांगेत उभं राहून एकाच खिडकीवर आपापलं नाव सांगावं तसं. ही रांग ऐकून घेऊन कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत सांगणारा दुभाषी म्हणजे ॲडॉप्टर.

रविवारी आम्ही दोघं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. प्रो मायक्रो नावाचा बोटभर बोर्ड घेतला. यातली एटमेगा ३२यू४ ही चिप यूएसबीवर स्वतःला कीबोर्ड म्हणून सादर करू शकते. प्रत्येक बोर्डाला हे जमत नाही. रिमोटची वायर कापावी लागू नये म्हणून नऊ पिनांचा सॉकेट घेतला. थोडी सोल्डरची तार आणि काही रेझिस्टर. सगळं मिळून नव्या गेमपॅडपेक्षा काही स्वस्त पडलं नाही, हेही सांगून टाकतो.

घरी आल्यावर लेक म्हणाली, “अब्बा, आधी कोणती तार कुठे जाते ते मीटरने बघू.” मगरिबची वेळ होत आली होती. आम्ही घाई केली. “त्यात काय बघायचं? लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड. जोड.”

तिने जोडलं. मिनिटभरात रिमोट गरम झाला आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. नकली मालात तारांच्या रंगांना काही नियम नसतो. तो रिमोट कायमचा गेला.

आणि आम्ही काय म्हणालो? “जरा बघून जोडायचं ना!”

ती काही बोलली नाही. जेवतानाही बोलली नाही. रात्री तिच्या अम्मीने एवढंच विचारलं, “जोड म्हणालं कोण होतं?” झोप लागेना. सकाळी नाश्त्याच्या वेळी, सगळ्यांसमोर, आम्ही लेकीला म्हणालो, “चूक आमची होती. तू बरोबर सांगत होतीस. माफ कर.” नंतर मामूंना फोन करून तेही कबूल केलं. ते हसले. म्हणाले, “दुसरा आहे ना? मग या वेळी भाचीचं ऐका.”

या वेळी तिनेच सांगितलं, आम्ही फक्त स्क्रू काढले. विजेची जोडणी काढून डबा उघडला. आत तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर होता. अक्षरं आपल्याकडे धरली की त्याचा मधला पाय ग्राउंड आणि उजवा ५ व्होल्ट. मीटरचं एक टोक त्या पायावर आणि दुसरं सॉकेटच्या एकेका पिनेवर ठेवत ती गेली. बीप वाजला, दोन पिना सापडल्या. उरलेल्या तीन तारांच्या जोडण्या सहाच होऊ शकतात. चुकीच्या जोडणीने पुन्हा काही जळू नये म्हणून प्रत्येक तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाकून तिने एकेक जोडणी तपासली. चौथ्या वेळी स्क्रीनवर बाण हलला.

बोर्ड आता खजुराच्या रिकाम्या डबीत बसवला आहे. त्यावर ती ‘सुपरटक्स’ हा मोफत गेम खेळते. ॲडॉप्टर केला म्हणून तिचं खेळणं कमी झालं, असं मुळीच नाही. त्यासाठी इशानंतर अर्धा तास असा करार वेगळा करावा लागला, आणि त्यावर रोज वाद होतो.

ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांनी रंगावर विसंबू नये, आधी मीटर लावावा. जळालेला रिमोट आम्ही टाकलेला नाही. तो आमच्या टेबलाच्या खणात आहे. मुलं काही सांगू लागली आणि आमच्या तोंडी “त्यात काय बघायचं?” आलं, की खण उघडून बघतो.