पहिल्या वाचनातले सोबती

मुळाक्षरांची ओळख झाली, काना-मात्रा जमू लागल्या, की मुलाच्या हाती पहिले गोष्टीचे पुस्तक येते. ते पुस्तक कोणते असावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पुष्कळ घरांत तो विचारलाच जात नाही; जे हाती लागेल ते मुलापुढे ठेवले जाते. तथापि चालायला शिकणाऱ्या मुलाचे पहिले पाऊल कोठे पडते याला जसे महत्त्व असते, तसेच वाचायला शिकणाऱ्या मुलाची पहिली गोष्ट कोणती, यालाही असते. ती गोष्ट प्राण्यांच्या मैत्रीची आणि सौम्य असावी.

यवतमाळ शहराला लागून, दारव्ह्याच्या रस्त्यावर वसलेल्या लोहारा गावाचेच उदाहरण घेऊ. या गावाच्या परिसरात औद्योगिक वसाहत आहे, तशीच कपाशीची आणि तुरीची शेतेही आहेत. या जिल्ह्यात कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते, कोणाच्या घरी गोरमाटी, तर कोणाच्या घरी गोंडी किंवा कोलामी. अशा घरातून पहिलीच्या वर्गात आलेल्या मुलाला अक्षरे तर नवी असतातच. पण पुस्तकातील मराठीही अर्धीअधिक परकी असते. त्या परक्या मुलखात त्याला ओळखीचे कोण भेटणार? बैल भेटतो, शेळी भेटते, कावळा भेटतो. शब्द अनोळखी असला, तरी चित्रातला प्राणी घरचाच असतो, आणि त्याच्या शेपटीला धरून मूल शब्दापर्यंत पोहोचते.

आणखी एक सोय आपल्या भाषेने आपण होऊनच करून ठेवली आहे. ससा, गाय, बैल, वाघ, हरिण, कासव, माकड, कावळा, चिमणी, उंदीर ही नावे पाहावीत. यांत एकही जोडाक्षर नाही. अस्वल आणि कोल्हा तेवढे आडवे येतात. त्यांना थोडे दिवस रानातच राहू द्यावे. ‘राष्ट्र’ किंवा ‘कर्तव्य’ या शब्दांशी झटापट करण्यापूर्वी मुलाला ‘ससा पळाला’ एवढे वाक्य स्वतःच्या बळावर वाचता आले, तर त्याच्या डोळ्यांत जे तेज दिसते, ते पुढच्या शंभर पानांना पुरते.

प्राणी बोलतात हे खोटे आहे, तेव्हा अशा गोष्टींनी मुलांची दिशाभूल होते, असा एक आक्षेप घेतला जातो. विदर्भातला पोळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आक्षेपाचे हसू येईल. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळून शेकले जातात आणि दुसऱ्या दिवशी जेवायला येण्याचे आवतण त्यांना रीतसर दिले जाते. पोळा सरला की तान्हा पोळा येतो. मग लहान मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. ज्या घरात बैलाला जेवणाचे आवतण मिळते, त्या घरातले मूल गोष्टीतला बैल बोलला म्हणून फसत नाही. बैल माणसासारखा बोलत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. परंतु बैलाला काही सांगायचे असते, हेही त्याला तितकेच ठाऊक असते.

मराठीत मुलांसाठी पुस्तके छापली जाऊ लागली, तेव्हा पहिल्या पंक्तीचा मान प्राण्यांनाच मिळाला. दूर तंजावरात सरफोजी राजांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापाच्या गोष्टी मराठीत निघाल्या. पुढे 1828 साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ प्रसिद्ध झाली. त्याच्याही कितीतरी आधी, तेराव्या शतकात, यवतमाळच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. कुत्री पाठीस लागलेला एक ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयास आला आणि त्यांनी शिकाऱ्यांपासून त्याला वाचविले, ही लीळा त्यात आहे. मराठी गद्याच्या बाळपणीच एक भ्यालेला ससा त्याच्या सोबतीस होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण प्राण्यांची गोष्ट सौम्य असावी म्हणजे कशी असावी? येथे ‘पंचतंत्र’ उघडावे. त्याच्या दुसऱ्या तंत्रात उंदीर, कावळा, कासव आणि हरिण या चौघांच्या मैत्रीची कथा आहे. सहाव्या शतकात हा ग्रंथ इराणात गेला, आठव्या शतकात अरबीत उतरला आणि पुढे युरोपभर पसरला. इतक्या देशांनी त्याला आपला मानला, याचे कारण त्यातील मैत्री खरी वाटते. कावळा उंदराच्या बिळाशी येऊन मैत्री मागतो, तेव्हा उंदीर हुरळून बाहेर धावत नाही. तू खाणारा आणि मी तुझे खाद्य, मग आपली मैत्री व्हावी कशी, असा रोकडा सवाल तो बिळातूनच करतो. कावळ्याला पुष्कळ वेळ मनधरणी करावी लागते. विश्वास बसतो, पण तो हळूहळू.

पुढे हरिण फाशात सापडते. कावळा उंचावरून त्याला हुडकून काढतो, उंदराला पाठीवर घेऊन येतो आणि उंदीर दातांनी फास कुरतडतो. जो तो आपल्या अंगच्या गुणाने उपयोगी पडतो. कासवाचे मात्र तेथे काहीच काम नसते; तरीही ते जिवाच्या ओढीने सरपटत येते. इतक्यात पारधी येऊन ठेपतो. इतर तिघे निसटतात आणि मंदगती कासव तेवढे सापडते. त्याचे येणे शहाणपणाचे नव्हते. पण त्या वेडेपणासाठी त्याला दोष द्यावा, असे कोणत्याही मुलाला वाटत नाही. मग हरिण तळ्याकाठी मेल्याचे सोंग घेऊन पडते आणि कावळा त्याचे डोळे टोचत असल्याचे भासवितो. पारधी कासवाला खाली टाकून तिकडे धावतो, तोच उंदीर दोरी तोडतो व कासव पाण्यात शिरते. पारधी रित्या हातांनी परत जातो. त्याला कोणी मारीत नाही, की त्याची फजिती करून टाळ्या पिटीत नाही. सौम्य गोष्ट ती हीच. तीत भय असते, फास असतो, वियोगाची धास्ती असते. पण रक्त सांडत नाही आणि क्रौर्याची गोडी लागत नाही.

हल्ली दुसऱ्या टोकाची पुस्तकेही निघतात. त्यांत वाघ, शेळी व ससा पानापानांवर हसत असतात, एकत्र वाढदिवस साजरा करतात, आणि कोणाला कोणाचे भय नसते. अशा गोष्टी गोड असतात, पण साखरेच्या पाण्याने पोट भरत नाही. शिवाय यवतमाळ जिल्ह्यातील मुलाला वाघ हा केवळ चित्रातला प्राणी नव्हे. याच जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ‘अवनी’ ही वाघीण नोव्हेंबर 2018 मध्ये मारली गेली. त्या गावांतील लोकांनी शेतात जाताना जे भय सोसले ते खरे, आणि मागे राहिलेल्या तिच्या दोन बछड्यांविषयी अनेकांना वाटलेला कळवळाही खरा. वाघ तुझा दोस्त आहे, असे त्या गावच्या मुलाला सांगणे म्हणजे त्याला फसविणे होय. आणि वाघ हा दुष्टच, असे सांगणे हा वाघावर अन्याय होय. उंदराचा सवाल या दोहोंपेक्षा शहाणा आहे.

‘पंचतंत्रा’तलीच सिंह आणि बैल यांची कथा मात्र पहिल्या वाचनासाठी नको. तीत कोल्ह्याच्या चहाडीने मैत्री तुटते आणि निरपराध बैल प्राणास मुकतो. ती कथा मोलाची आहे. पण मैत्री जुळते कशी, हे कळण्याआधीच ती मोडते कशी, हे कळून काय उपयोग? ती सहावी-सातवीच्या मुलांनी वाचावी.

याच वयाची मुले उंदीर-कावळ्याच्या गोष्टींना बाळबोध म्हणून नाक मुरडतात. त्यांनी घरातल्या धाकट्या भावंडाला शेजारी बसवून ही गोष्ट एकदा मोठ्याने वाचून पाहावी. लघुपतनक, हिरण्यक ही भारदस्त नावे गाळून नुसते कावळा, उंदीर म्हणावे, आणि धाकट्याचे बोट अक्षरांवरून फिरत असेल तेथे घाई करू नये. पारधी कासवाला धनुष्याला बांधून निघतो, त्या ठिकाणी धाकटे मूल बहुधा वाचणाऱ्याचा हात धरते आणि पुढचे पान स्वतःच उलटू पाहते.