स्वस्त करारनामा म्हणजे कोणता?



शहापूर-मुरबाडकडे आपल्यापैकी कितीतरी जणी दुकानावरच्या खोल्या पहिल्यांदाच भाड्याने देत आहेत. प्रत्येकीला एकच सल्ला मिळतो: "अकरा महिन्यांचा कागद नोटरी करून घे, नोंदणीला कशाला पैसे घालवतेस?" हा सल्ला मला साफ अमान्य आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांची सूट त्यात नाही. जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर अटींवरून वाद झाला, तर आपण उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे खरे धरले जाते!

आता हिशेब करू. भाडे ५,०००, अनामत १५,०००, मुदत एक वर्ष. वर्षाचे भाडे ६०,००० आणि अनामतीवर दहा टक्के धरून १,५००, मिळून ६१,५००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशेच्या आत. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००. नोंदणी ऑनलाइनही होते. महाग असते ती एजंटची फी. ती आधी ठरवा.

"कागदावर भाडे कमी दाखव" हाही सल्ला मिळेल. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. आणि न्यासापहारही, म्हणजे दुसऱ्याची ठेव गिळणे. भाडेकरूची अनामत ही ठेवच ना? सामायिकाला बसणाऱ्या हातांनी खोट्या आकड्यावर सही करू नये.