पाणी घालणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. सुट्टीवर गावी निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर नेहमीचं दृश्य होतं: कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, सावली शोधणारी माणसं, हातात पाण्याच्या बाटल्या. त्यातल्या एका गाडीतून वाफ येत होती आणि गाडीचे मालक हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात होते. परेड ग्राउंडवर वापरतो तो आवाज मी बऱ्याच दिवसांनी काढला. "हात काढा!" गृहस्थ दचकले, पण हात काढला. त्यांच्या सौ. माझ्याकडे रागाने बघत होत्या. साहजिकच आहे, अनोळखी माणूस रस्त्यात येऊन नवऱ्यावर ओरडला तर कोणाला आवडेल?

मग मी खाली उतरून सांगितलं, की या झाकणाखाली साधं उकळतं पाणी नसतं. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर १.१ बार असा आकडा असतो. आत एवढा दाब असला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२१-१२२ अंशांपर्यंत पाणीच राहतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि त्या सगळ्या पाण्याला एकदम आठवतं, की आपण खरं तर केव्हाच उकळायला हवं होतं. मग ते तोंडावर येतं. कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढायचं धाडस आपल्या घरातलं कोणी करत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसं बिनदिक्कत करतात.

पण आज लिहायचंय ते झाकणाबद्दल नाही. त्या गृहस्थांचं पुढचं वाक्य होतं, "अहो, काही नाही, जरा पाणी कमी झालंय. पंधरा दिवस झाले, रोज सकाळी एक बाटली घालतो. मस्त चालते."

हे वाक्य मी वीस वर्षांपूर्वी स्वतः बोललो होतो. त्याची किंमत अजून लक्षात आहे.

२००४ सालचा मे. खडकवासला आणि देहरादून करून मराठा पलटणीत येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यात सगळं माहीत असल्याचा भ्रम. पलटण राजस्थानात, बिकानेरच्या पुढे महाजनच्या फायरिंग रेंजवर होती. माझ्याकडे काम साधं होतं: एक अडीच टनी ट्रक आणि त्यामागे पाण्याचा ट्रेलर घेऊन पुढे असलेल्या कंपनीपर्यंत पोचायचं. शंभरावर जवान रेंजवर, पारा ४५ च्या वर, आणि त्यांच्याकडचं पाणी दुपारपर्यंत पुरेल एवढंच.

ड्रायव्हर खटाव तालुक्यातला नाईक. कमी बोलणारा. वीसेक किलोमीटरवर पहिला थांबा घेतला. लष्करात याला हॉल्ट परेड म्हणतात. गाडी थांबली की ड्रायव्हरने टायर, तेल, पाणी, पट्टा, गळती सगळं बघायचं. तो खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "साहेब, गाडी तापतीय. खाली थेंब पडत्यात. अर्धा तास द्या, पाणी कुठनं जातंय बघतो."

मी घड्याळ बघितलं. "पाणी घाल आणि चल. मागे अख्खा ट्रेलर भरलेला आहे, पाण्याला काय तोटा?"

त्याने पाणी घातलं. पुढे आणखी दोनदा घातलं. मग एक चमत्कार झाला. लाल रेघेकडे चढलेला काटा आपोआप खाली आला. मी खुशीत म्हणालो, "बघ, उतरला! उगाच घाबरतोस." नाईक काही बोलला नाही. चार-पाच किलोमीटरवर इंजिनातून खडखडाट आला, ताकद गेली आणि गाडी वाळूच्या कडेला थांबली ती थांबलीच.

काटा का उतरला होता ते संध्याकाळी ईएमईच्या हवालदाराने समजावलं. तो केरळचा, हिंदी मोजकं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं सांगतो. पाणी संपून त्याच्याभोवती नुसती हवा आणि वाफ राहिली की तो कमी दाखवू लागतो. म्हणजे ज्या क्षणी मी सुटकेचा नि:श्वास टाकला, त्या क्षणी इंजिनात पाणी उरलंच नव्हतं. हेड वाकडं झालं, गॅस्केट उडालं. मूळ दोष काय होता? खालच्या होजपाइपचा सैल झालेला क्लॅम्प. स्क्रू ड्रायव्हरने आवळला असता तर पाच मिनिटांत बसला असता.

पाण्याचा ट्रेलर दुसऱ्या गाडीने ओढून नेईपर्यंत दुपारचे तीन वाजले. तोवर रेंजवर एका जवानाला उष्माघात झाला होता. चार दिवस इस्पितळात राहून तो बरा झाला. बरा झाला म्हणून आज मी हे लिहू शकतो. नाहीतर हा लेख झाला नसता.

चौकशी बसली. पहिलाच प्रश्न ड्रायव्हरला: गाडी तापतेय हे तुला कधी कळलं? नाईक सरळ उभा राहून समोरच्या भिंतीकडे बघत होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. "पहिल्या हॉल्टला बघितलं, साहेब," एवढंच म्हणाला. पुढे चालवायला कोणी सांगितलं, हे त्याने सांगितलं नाही. मला बोलायला त्या दिवशी जमलं नाही, हे कबूल करतो. रात्री झोप लागली नाही. सकाळी सीओंसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोराने तुझ्याकडे अर्धा तास मागितला होता?"

"हो सर."

"मग त्या अर्ध्या तासाची किंमत काढून उद्या मला लिहून दे."

इंजिन, आठ तास, शंभर तहानलेली माणसं, इस्पितळातला एक जवान. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला एक क्लॅम्प. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: तापणं हा गाडीचा आजार नाही, ती तिची तक्रार आहे. आणि पाणी घालणं म्हणजे तक्रारदाराला गप्प बसवणं. कूलिंग सिस्टीम बंदिस्त असते. धडधाकट गाडीत रोज पाणी कमी व्हायचं काही कारणच नाही. कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय. बाहेर जात असेल तर खाली ओल दिसेल, होजच्या सांध्यावर पांढरे-हिरवे डाग दिसतील. केबिनमधल्या हीटरमधून गळत असेल तर पायाखालची मॅट ओली लागेल. आणि इंजिनाच्या आतच जात असेल तर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येईल, तेलाच्या झाकणाखाली दुधी साय दिसेल, पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतील. मग गॅस्केट गेलंय असं समजा आणि एक किलोमीटरही पुढे चालवू नका.

पाणी पुरेसं असूनही तापत असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: कधी तापते? ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते? मग पंखा बघा, त्याचा फ्यूज आणि रिले बघा. वेगात वारा पंख्याचं काम करतो, उभ्या गाडीत कोणी करत नाही. उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक आणि हायवेवर किंवा घाटात तापते? मग रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून धुळीने तुंबलाय, नाहीतर पाण्याचा पंप दमलाय. वरचा होज कढत आणि खालचा गार? थर्मोस्टॅट उघडत नसेल किंवा रेडिएटर तुंबला असेल. इंजिन तापलंय पण हीटर लावला तर गार हवा येतेय? पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. या प्रश्नांना हत्यारं लागत नाहीत. डोळे, नाक, हात आणि थोडा धीर लागतो.

रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण जोरात लावा. मे महिन्यात घरचे शिव्या देतील, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला तर मात्र बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. पंख्यापासूनही हात लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक फिरतो. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. तव्यावर पाणी टाकल्यावर काय होतं ते आठवा, तो तवा ओतीव लोखंडाचा असेल तर तडकतो.

आता रस्त्यावरच्या दोन सल्ल्यांबद्दल. पहिला, "थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, कटकटच नको." हा सल्ला मला जैसलमेरपासून जोरहाटपर्यंत मिळालाय. थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर तापत नाही हे खरं. पण ते योग्य तापमानालाही लवकर येत नाही, इंधन जास्त खातं, झिजतं. पहारेकरी झोपतो म्हणून पहाराच उठवण्यातला हा प्रकार. दुसरा सल्ला, "कूलंट कशाला, पाणी चालतं." अडीनडीला घरी पोचेपर्यंत चालतं. कायम बोअरचं पाणी घातलं तर आत क्षार आणि गंज साचतो. तुमच्या बादलीत गरम पाण्याच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर तुम्ही बघितला असेल. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

लडाखच्या पोस्टिंगमध्ये हे सगळं आणखी निष्ठुरपणे समजतं. मनाली-लेह रस्त्यावर तंगलंग ला ५,३०० मीटरच्या आसपास आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतात. म्हणजे झाकणाचं रबर गेलं असेल आणि आत दाब टिकत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडायच्या वेळीच पाण्याला उकळी फुटणार. पुण्यात ज्या झाकणावर वर्षभर निभावलं, ते झाकण तिथे गाडी उभी करतं. उंचीवर नवा दोष तयार होत नाही, खाली आपण चालवून घेतलेला दोष वर उघडा पडतो. माणसांचंही असंच होतं, पण ते पुन्हा कधीतरी.

लष्करात फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड या गोष्टींना नवे अधिकारी कंटाळतात. मीही कंटाळायचो. रोज तेच तेल, तोच पट्टा, तेच पाणी. पण माझ्या अनुभवात गाड्या फारशा अचानक बंद पडत नाहीत. त्या आधी कोणाला तरी सांगतात. ते ऐकणारा माणूस बहुधा सगळ्यांत कमी हुद्द्याचा असतो, आणि त्याचं न ऐकणारा बहुधा डाव्या सीटवर बसलेला असतो. म्हणून माझ्या युनिटमध्ये गाडी व्हीओआर, म्हणजे रस्त्यावर न्यायला अयोग्य, असं सांगायला येणाऱ्या ड्रायव्हरला मी आधी चहा पाजायचो आणि मग प्रश्न विचारायचो. एमटीवाले हसायचे. हसू देत. महत्त्वाच्या कामाला उशीर नको म्हणून आपण तक्रार दाबतो. माझं काम त्या दिवशी खरोखर महत्त्वाचं होतं, म्हणूनच तो अर्धा तास द्यायला हवा होता.

खंबाटकीवर पाऊण तास थांबलो. वाफ गेली, होज दाबून बघितला, आतला दाब उतरला होता. झाकण उघडलं, टाकी कोरडी. टॉर्चच्या उजेडात खाली बघितलं तर पाण्याच्या पंपाच्या कडेने ओघळ आला होता. हा काही रस्त्यात आवळायचा क्लॅम्प नव्हता. गाडी टो करून न्या, असं मी सुचवलं. गृहस्थ चुळबुळले, लग्नाला पोचायचं होतं.

इतका वेळ गप्प बसलेल्या त्यांच्या सौ. म्हणाल्या, "मी पंधरा दिवस सांगतेय, पार्किंगमध्ये गाडीखाली रोज ओलं दिसतं. म्हणे, एसीचं पाणी असेल."

गृहस्थ माझ्याकडे बघून कसनुसं हसले. मला हसता आलं नाही. मला तो खटावचा नाईक आठवला. मी त्यांना एवढंच म्हणालो, "साहेब, पंप गॅरेजवाला बदलून देईल. पण पुढच्या वेळी वहिनींनी सांगितलं की आधी वाकून बघा."

त्यांनी टो व्हॅनला फोन लावला. लग्नघरच्या मंडळींना आम्ही माझ्या गाडीत बसवलं.