दम्याचा पंप : भीती नेमकी कशाची?
‘पंपाची सवय लागते’ या धास्तीने अनेक जण रोजचा स्टेरॉइड इन्हेलर सोडतात आणि धाप लागली की साल्ब्युटामॉल ओढतात. तेवढ्यापुरते बरे वाटते. श्वासनलिकेची सूज मात्र तशीच राहते. म्हणूनच दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ने २०१९ मध्ये सांगितले, की प्रौढांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका.

गंमत म्हणजे, स्टेरॉइडला घाबरून पंप टाळणाऱ्यांनाच अटॅक आला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. ब्युडेसोनाइडच्या पंपाची एक मात्रा साधारण १०० ते ४०० मायक्रोग्रॅमची. पाच मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, तीही रक्तातून अंगभर जाणारी. औषधे वेगळी, पण अंदाज यायला पुरे. पंपाने घसा बसतो, तोंडात बुरशी होऊ शकते, हे खरे. त्यासाठी पंपानंतर चूळ भरायची आणि थुंकून टाकायची.