कॅमेरा आपला, ताबा दुकानदाराचा?

भावांनो, कंपनीने पासपोर्ट दाबून ठेवला की आपण भांडतो. बरोबरच आहे, कतार-यूएईत ते बेकायदा आहे. मग गावच्या घराची चावी दुसऱ्याच्या खिशात कशी चालते?

कॅमेरा बसवणारा म्हणतो, "तुम्ही तिकडे, ओटीपी कुठे येणार? माझ्याच नंबरवर करतो." झालं! मुख्य खातं त्याचं, आपल्याला नुसतं 'शेअर'. अंगणातली आई, दाराशी आलेली बायको, सगळं त्याच्या मोबाईलवर. याला सोय म्हणायचं?

खातं आपल्या ईमेलवरच काढायला लावा. आधीच त्याच्या नावावर असेल तर त्याला त्याच्या खात्यातून कॅमेरा काढायला सांगा. बऱ्याच कॅमेऱ्यांत नुसतं रिसेट करून जुनं खातं सुटत नाही. मग आपल्या खात्यात जोडा, रेकॉर्डरचा पासवर्डही बदला.

नोटिफिकेशन फक्त माणूस दिसला तरच, आणि रात्रीचं ठेवा. नाहीतर कुत्र्या-मांजरांनी फोन वाजतो आणि आपण तो बंदच करतो. साईटवर असताना आपण धावून जाणार नाही, म्हणून घरच्या भरवशाच्या माणसालाही अलर्ट जाऊ दे.

आणि कॅमेरा दाराकडे, घरात नको. मी सुपरवायझर आहे, पण साईटवर. बायकोवर सुपरवायझर कशाला?

पैसे आपले, घर आपलं, पासवर्डही आपलाच पाहिजे.