गेटवरून परत फिरू नका, डोंगर चढा!

१४ जानेवारीला, नामांतर दिनी, आपण विद्यापीठ गेटला अभिवादन करतो आणि घरी परततो. यंदा आम्ही काही जण तिथून मागच्या डोंगराकडे वळलो. थंडीत औरंगाबाद लेण्यांचा पहिला समूह पाहिला, मग डोंगराच्या कडेकडेने चालत दुसरा गाठला. गेटवर पाय ठेवायला जागा नव्हती; वर आम्ही मोजकेच!

तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकलेले उपासक कोरले आहेत, स्त्रियाही आणि पुरुषही. सातव्यात आग, साप, जहाजबुडी अशा संकटांतली माणसे अवलोकितेश्वराला हाक घालतात. आमच्यातल्या अनेकांनी हे पहिल्यांदाच पाहिले.

२७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत आपण नावासाठी लढलो. पोचिराम कांबळेंसारखे भीमसैनिक शहीद झाले. ज्या समाजाने नावासाठी रक्त सांडले, त्याला उशाशी असलेला वारसा अनोळखी का? लेण्यांवर अतिक्रमण झाले की आपण मोर्चा काढतो, काढलाच पाहिजे. पण आत काय आहे हेच ठाऊक नसेल, तर उद्या काय गेले हे कळणार कसे?

डोंगर भटकणे ही केवळ सुखवस्तूंची हौस नव्हे. पुढच्या वर्षी लेकराबाळांना घेऊन वर या.

जयभीम!